मिठाचे दिवस सुरू व्हायच्या आत

रत्नागिरी,
कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो, डीलरचा कागद आणि तुझा तो लांबलचक निरोप, सगळं दोनदा वाचलं. जुनी युनोस डीलरला बदलीत देऊन 2019 ची माझदा एमएक्स-5 घ्यावी का, हा तुझा प्रश्न. फोनवर बोलायला घेतलं की आई मध्येच फोन घेते, तुला कुठेतरी निघायचं असतं आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहितो. आधी माझं मत सांगतो, कारणं मागाहून. गाडी बदल. पण जुनी गाडी डीलरला बदलीत देऊ नकोस. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुझ्या निरोपात त्या एकात एक गुंतल्यात, म्हणून तुला झोप येत नाहीये.

तुझं मन कुठे अडकलंय ते मला कळतं गो. 1990 ची ती युनोस रोडस्टर, म्हणजे माझदा एमएक्स-5 चंच जपानातलं नाव, तू स्वतःच्या कमाईने घेतलेली पहिली गाडी. हिरोशिमात बनलेली, जपानात वापरलेली, मग बोटीने इंग्लंडात आलेली. स्पीडोमीटर अजून किलोमीटरचाच आणि काटा 180 पर्यंत. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर गळायला लागला तेव्हा तू तिकडे गाडीखाली आणि मी इथे गॅरेजच्या टेबलावर फोन उभा करून तुला पान्हा कुठला लाव ते सांगतोय, आदित्य आत बसून पेडल मारतोय. एअर निघाली आणि "बाबा, पेडल आलं वर!" अशी तू ओरडलीस, ते गॅरेजमधल्या पोरांनीसुद्धा ऐकलं. त्या दिवशी मी घरी जाताना पेढे घेऊन गेलो होतो, आईला विचार. तेव्हा ही गाडी तुझी कोण आहे हे मला माहीत आहे, आणि ते माहीत असूनच मी बदल म्हणतोय.

तू गाडी घेतलीस तेव्हा तुझं काम घरापासून सायकलच्या अंतरावर होतं. गाडी रविवारची होती. आता रोज कॉव्हेंट्री ते बर्मिंगहॅम. मोटरवे, ट्रकांची रांग, अंधार, पाऊस. आणि नोव्हेंबर लागला की रस्त्यावर मीठ. मी तिकडे आलो होतो तेव्हा तू मला ते पिवळे ट्रक दाखवले होतेस. चेशायरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतलं दगडी मीठ रात्री रस्त्यावर पसरतात, म्हणजे बर्फ धरत नाही. माणसांच्या जिवासाठी ते करायलाच हवं. पण पत्र्याला ते विष.

मीठ पत्र्याला काय करतं हे मला कुणी शिकवायला नको. आमच्याकडे ते हवेतून येतं. कुवारबावच्या सड्यावर उभी राहणारी गाडी आणि मांडवीला दारातच समुद्र असलेल्या घरातली गाडी, दोन्ही एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या माझ्याकडे यायच्या. वरून बघितलं तर सारख्या. जॅकवर चढवल्या की मांडवीवाली कुठली ते अंधारातही हात लावून सांगता यायचं. वर इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. पावसाचं पाणी एकवेळ वाळतं. मीठ बसलं की पत्रा वाळतच नाही, कारण मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं, आणि खाऱ्या ओलीत गंज झपाट्याने पुढे सरकतो. सगळ्यात आधी जातात ते बंद पेटीसारखे भाग, जिथे आत रंगाचा ब्रश किंवा फवारा कधी नीट पोचलेलाच नसतो. गंज हा वाळवीसारखा असतो. वाशाची वरची साल शाबूत ठेवून आतला गाभा खातो, आणि बोट दाबलं की कळतं.

तुझ्या गाडीत ही पेटी म्हणजे दाराखालची सिल. ह्या पिढीच्या गाड्यांचं हे दुखणं जगभर माहीत असलेलं आहे आणि त्याचं कारण फार साधं आहे. कापडी टप मागे जिथे बॉडीला मिळतो, तिथे दोन्ही बाजूंना पावसाचं पाणी खाली न्यायला एकेक नळी आहे. ती दाराच्या मागच्या खांबातून उतरते आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे, खालच्या बाजूला पाणी सोडते. पानं, शेवाळ, धूळ साचून ती नळी तुंबली की पाणी आत उलटतं, सीटमागच्या कार्पेटमध्ये आणि सिलमध्ये उतरतं आणि तिथेच बसतं. पत्रा आतून सडत येतो. बाहेर रंगावर फोड दिसेपर्यंत आतलं बरंचसं संपलेलं असतं. तुझी गाडी दाराबाहेर झाडाखाली उभी असते आणि आता तिकडे पानगळ सुरू झाली असेल. म्हणून ही चौकशी मी आधी करतोय, किंमत नंतर.

येत्या रविवारी हे कर. टप अर्धा उघड. सीटबेल्टच्या खांबामागे, टपाच्या कडेला जिथे रबर बसतं तिथे बोट घालून कचरा काढ. मग एक पेला पाणी हळूहळू ओत आणि आदित्यला मागच्या चाकाशी वाकून बघायला सांग. पाणी लगेच धारेने पडलं तर नळी मोकळी. थेंब थेंब आलं किंवा आलंच नाही तर तुंबली आहे. ती मोकळी करायला सायकलच्या ब्रेकची तार घे, टोक बोथट करून हलक्या हाताने घाल. कॉम्प्रेसरची हवा मारू नकोस, जोराने नळी खालच्या सांध्यातून सुटते आणि मग पाणी सरळ सिलमध्येच. दोन्ही बाजूंना कर. मग पायपुसणं अंथरून आडवी हो, टॉर्च घे आणि सिलच्या मागच्या टोकाला, मागच्या चाकाच्या कमानीपर्यंत, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा ठणठणीत वाजतो. सडलेला भद्द वाजतो, आणि पुट्टी भरलेला तर अजिबात वाजतच नाही. तिथे लोहचुंबक लावून बघ. आधीच्या मालकाने भोक बुजवून वरून रंग मारला असेल तर चुंबक पकडणार नाही. तू फोटोत दाखवलेला डाव्या चाकापुढचा तो छोटा फोड मला आवडलेला नाही. नखाने खरवडू नकोस, आधी ठोकून बघ.

तुमच्याकडच्या वार्षिक तपासणीतही हाच भाग बघतात. सीटबेल्ट, सस्पेन्शन जिथे अडकवलेलं असतं त्याच्या 30 सेंटिमीटरच्या आत पत्रा सडका निघाला तर गाडी नापास. पुट्टी चालत नाही, नवा पत्रा सलग वेल्डिंगने जोडावा लागतो. आपल्या आरटीओच्या पासिंगपेक्षा हे काटेकोर आहे आणि मला ते पटतं. गाडी उलटली किंवा कुणी बाजूने धडकलं तर तुझ्या आणि रस्त्याच्या मध्ये ती सिलच असते.

ही पाहणी झाल्याशिवाय पुढचं काहीच ठरवू नकोस.

आता डॉक्टरांची हेराल्ड सांगतो. तू लहान असताना तिच्याबद्दल ऐकलं असशील, पण पूर्ण नाही. मी नवीन नवीन गॅरेज टाकलं तेव्हा गावातल्या एका डॉक्टरांची स्टँडर्ड हेराल्ड माझ्याकडे यायची. मद्रासला बनलेली, पण मूळची तुझ्याच कॉव्हेंट्रीची. ट्रायम्फने 1959 साली तिथे काढलेली गाडी. अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटायचं आणि मेकॅनिक पुढच्या टायरवर बसून काम करायचा. 25 फुटांत पूर्ण वळायची, धनजी नाक्याच्या गल्लीत रिक्षावाले बघत राहायचे. ह्याच चेसिसच्या बेतावर तिकडे स्पिटफायर नावाची दोन सीटची स्पोर्ट्स कार बनली. डॉक्टरांचं त्या गाडीवर प्रेम होतं. पण पावसात डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाला, ओल धरली की ती उभी. आणि डॉक्टरांना रात्री-अपरात्री पावस, गोळप, कधी थेट पूर्णगडपर्यंत जावं लागे. बाळंतपण अडलं की घरचा माणूस कंदील घेऊन दारात उभा.

1983 च्या डिसेंबरात मारुती 800 बाजारात आली. दोनेक वर्षांनी डॉक्टरांनी ती घेतली. माझ्या गॅरेजमध्ये बसून ते बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ गप्प होते. मी काही बोललो नाही. पण ती मारुती आषाढातल्या पावसात अर्ध्या चावीत चालू व्हायची, आणि पुढची कित्येक वर्षं त्या पट्ट्यात डॉक्टर वेळेवर पोचले. त्या बदलाचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही, मलाही वाटलं नाही. वाईट वाटलं ते हेराल्डचं काय झालं त्याचं. घाईत, जो पहिला आला त्याला ती दिली गेली. त्याने समुद्राकडेच्या घरी झापांच्या मांडवाखाली उभी केली. दोन-तीन पावसाळे गेले. चेसिसला बाजूने हात असतात ज्यांच्यावर बॉडी बसते, ते गळून पडले, दारं लागेनाशी झाली. भंगारवाला घेऊन जाताना मी रस्त्यावर होतो. इंजिन अजून उत्तम होतं. ते इंजिन मीच बांधलेलं होतं.

म्हणून मी म्हणतो, बदल करणं वेगळं आणि गाडी कुणाच्या हाती देतो ते वेगळं.

डीलर तुझ्या युनोसची जी किंमत लावतोय ती बदलीतली किंमत आहे. त्याच्या दुकानात पस्तिशीतली गाडी विकायला ठेवायची नसते. तो ती लिलावात पाठवणार. तिथे ती कुणी हौसेने घेईल किंवा सुटे भाग काढायला घेईल, त्याचं त्याला सोयरसुतक नाही, आणि त्याचा तो धंदा आहे, मी दोष देत नाही. पण तुझ्या गाडीत खरी किंमत आहे ती पत्र्याची. इंजिन मिळतं, गिअरबॉक्स मिळतो, टप नवा शिवून मिळतो. जपानातली आयुष्याची पहिली वर्षं मिठाविना काढलेली, सरळ, अपघात न झालेली बॉडी मिळत नाही. माझदा स्वतः जपानात पहिल्या पिढीच्या गाड्या नव्याने बांधून द्यायला लागली, म्हणजे त्यांनाही ह्याची किंमत कळली आहे. सिल चांगल्या निघाल्या तर तू स्वतः विक, वेळ लागू दे, आणि ज्याच्याकडे बंद गॅरेज आहे आणि जो हिवाळ्यात ती बाहेर काढणार नाही अशाला दे. दोन पैसे कमी आले तरी चालतील. सिल सडक्या निघाल्या तर ते झाकू नकोस. घेणाऱ्याला गाडीखाली झोपवून दाखव आणि त्याप्रमाणे किंमत घे.

इंजिनाचंही एक सांगून ठेवतो, विकताना विचारतील. 1991 च्या मध्यापर्यंतच्या 1.6 इंजिनांत क्रँकचं पुढचं नाक आखूड आहे. टायमिंग बेल्ट बदलताना पुढचा बोल्ट नीट ताणला नाही तर पुली जागेवर धरणाऱ्या चावीची खाच झिजते आणि पुली डुगडुगते. तुझं इंजिन त्यातलंच. चालू इंजिनात पुलीकडे समोरून बघ, फिरताना डोलते का. मी तिकडे असताना बघितली होती तेव्हा एकदम सरळ फिरत होती. तसाच व्हिडिओ काढून ठेव, बेल्ट बदलल्याची पावतीही शोध. सकाळी पहिल्यांदा चालू करताना टॅपेटची जी टिकटिक येते तिला घाबरू नकोस, ते हायड्रॉलिक लिफ्टर आहेत, ऑईल वर चढलं की गप्प होतात. आणि पेट्रोल वरच्या दर्जाचं, पाच टक्के इथेनॉलवालंच भर. 2021 पासून तुमच्याकडे साध्या पेट्रोलात दहा टक्के आहे, आमच्याकडे तर आता वीस. जुन्या रबरी नळ्या फुगून मऊ पडलेल्या मी रोज बघतोय.

आता नव्या गाडीकडे येतो. 2019 ची, दोन लिटरची, 184 घोड्यांची. तू लिहितेस की नवी गाडी म्हणजे कॉम्प्युटर, तिच्यात मला काय करता येणार. हे मला पटत नाही. मी सगळं वाचून काढलं. ह्या गाडीच्या चार पिढ्या झाल्या. पहिली 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात दाखवली. तोशिहिको हिराई नावाच्या इंजिनिअरच्या हाताखाली ती तयार झाली होती आणि समोर नमुना होता जुन्या इंग्लिश रोडस्टरांचा, लोटस एलानसारख्यांचा. म्हणजे तुमच्या इंग्लंडातल्या लोकांनी जी गाडी बनवणं सोडून दिलं होतं, ती जपान्यांनी ऑईल न गळणारी करून दिली. दुसऱ्या पिढीत, 1998 मध्ये, ते उघडझाप करणारे दिवे गेले. तिसरी 2005 ची, ती जड झाली, अकराशे किलोच्या आसपास. आणि मग 2015 ला चौथी आणताना त्यांनी उलटं केलं. शंभर किलोहून जास्त वजन उतरवलं. तुझी 940 किलोची, ही नवी जपानात सगळ्यात हलकी 990 ची. पंचवीस वर्षांत एअरबॅगा आल्या, धडक सोसायचे कडक नियम आले, आणि वाढलं किती तर सगळ्यात हलक्या मॉडेलमध्ये पन्नास किलो. लांबीला तर ती तुझ्यापेक्षा थोडी आखूडच आहे. मी आयुष्यभर गाड्या प्रत्येक नव्या मॉडेलला सुजत गेलेल्या पाहिल्या. असं काम करणाऱ्या माणसांना मी मानतो. 2016 च्या एप्रिलमध्ये त्यांची दहा लाखावी गाडी बाहेर पडली, दोन सीटच्या, टप उघडणाऱ्या स्पोर्ट्स कारांत इतक्या कुणाच्याच विकल्या गेल्या नाहीत.

आणि काय टिकवलं ते बघ. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. टर्बो नाही. हाताने टाकायचा गिअर. टप एका हाताने ओढायचा, मोटर नाही. टायमिंग बेल्टच्या जागी चेन. ऑईल, फिल्टर, ब्रेक पॅड, प्लग, क्लचचं ऑईल, हे सगळं तू आजही करशील. राहिला कॉम्प्युटर. 2020 च्या एप्रिलपासून आमच्याकडे बीएस-6, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आले आणि गॅरेजमधली जुनी माणसं हात वर करून बसली. मी स्कॅनर घेतला. इतक्या वर्षांचं कान लावून ओळखणं आणि स्क्रीनवरचा आकडा, दोन्ही शेजारी ठेवून बघायला शिकलो. आकडा खोटं बोलत नाही, पण कुठला आकडा बघायचा हे कानच सांगतो. तुझा कान तयार आहे. तो मी तयार केलाय.

स्टेअरिंगचं तू म्हणतेस ते मात्र खरं असणार. नव्या गाडीत इलेक्ट्रिक स्टेअरिंग आहे. आपण कॉट्सवोल्डकडे गेलो होतो तेव्हा तू मला थोडं चालवायला दिलीस. दगडी भिंतींमधला तो अरुंद रस्ता, आणि हाताच्या तळव्याला रस्त्याचा दाणा न् दाणा कळत होता. गिअरची दांडी मनगटापुरती हलायची आणि खट्ट बसायची. फियाट पद्मिनीचा स्टेअरिंगखालचा गिअर टाकत आयुष्य काढलेल्या माणसाला ते काय वाटलं असेल बघ. मी उतरल्यावर काहीच बोललो नव्हतो, ते आवडलं म्हणूनच. इलेक्ट्रिक स्टेअरिंगमध्ये तसं कळणार नाही. म्हणून डीलरच्या दहा मिनिटांच्या चकरेवर हो म्हणू नकोस. दिवसभरासाठी गाडी भाड्याने मिळते, ती घे. त्याच कॉट्सवोल्डच्या रस्त्याला जा, आणि त्याच दिवशी संध्याकाळी गर्दीच्या वेळी बर्मिंगहॅमहून घरी ये. दोन्हीकडे ती तुला आवडायला हवी. फक्त घाटात आवडून उपयोग नाही आणि फक्त मोटरवेवर आवडूनही नाही. नाहीच आवडली, तर माझं दुसरं मत असं की कामासाठी एक साधी बंद गाडी घ्या आणि युनोससाठी महिन्याच्या भाड्याने कोरडी जागा बघा. तुमच्या दोघांच्या हिशेबात ते बसतंय का ते तुम्ही ठरवा. पण जुनीलाच रोज मिठातून नेणं, हा तिसरा रस्ता बंद. त्यात गाडीही जाईल आणि तुझाही मला भरवसा वाटणार नाही.

हे शेवटचं वाक्य नीट वाच. बाकी सगळं मेकॅनिक म्हणून लिहिलं, हे बाप म्हणून. तुझ्या गाडीत एअरबॅग नाही. एबीएस नाही. ओल्या मोटरवेवर तुझ्यापुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला तर तुझी चाकं लॉक होऊन तू सरळ जाणार, स्टेअरिंग कितीही फिरव. नव्या गाडीला एबीएस आहे, गाडी घसरायला लागली तर एकेका चाकाचा ब्रेक स्वतः लावून सरळ करणारी यंत्रणा आहे, पायी चालणाऱ्याला धडक बसली तर बॉनेट आपोआप उचललं जातं. गाड्या धडकवून सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅपने 2015 ला तिला पाचपैकी चार तारे दिले. तुझी गाडी आली तेव्हा युरो एनकॅप नव्हतंच, ते 1997 ला सुरू झालं. रविवारी उन्हात, मोकळ्या रस्त्याला, तू ताजीतवानी असताना तिच्यात बसलीस तर मला काळजी नाही. दिवसभर काम करून दमलेली, जानेवारीच्या अंधारात, रोज? रात्री साडेदहाला फोन वाजला की आईचा हात थांबतो. तुमच्याकडे तेव्हा संध्याकाळची घरी जायची वेळ असते.

पैशांचंही त्याच दिशेने आहे. बर्मिंगहॅमच्या आतल्या भागात 2021 पासून जुन्या, धूर जास्त सोडणाऱ्या गाड्यांना दिवसाला 8 पौंड पडतात. पेट्रोलची गाडी धुराच्या नियमांत युरो-4 तरी हवी आणि तुझी त्याच्या फार आधीची. आठवड्याचे पाच दिवस धर आणि वर्षाचा हिशेब तूच कर. 2019 च्या गाडीला हा प्रश्न नाही. गाडी चाळीस वर्षांची झाली की तुमच्याकडे रोड टॅक्स माफ होतो, तपासणीची सक्तीही जाते. तोवर तुझ्या गाडीला अजून काही वर्षं आहेत. पुढच्या मालकाला हे सांग, त्याला आवडेल. पण तपासणी त्यानेही चुकवू नये.

तू म्हणालीस, 2030 नंतर नव्या पेट्रोल गाड्या विकायच्या नाहीत असं तिकडच्या सरकारने ठरवलंय, मग आत्ता घाई करावी का. घाई त्या कारणाने नको. वापरलेल्या गाड्या तेव्हाही रस्त्यावर असतील आणि तुला घ्यायची आहे ती वापरलेलीच. घाई करायची तर ती मिठाच्या आधी. दिवाळी झाली की तुमच्याकडे थंडी धरते. त्याआधी युनोस खालून साध्या पाण्याने स्वच्छ धुऊन, पूर्ण कोरडी करून, सिलच्या आत मेणाचा फवारा मारून घे. त्याचा लांब नळीचा डबा मिळतो, सिलच्या मागच्या रबरी बुचातून नळी आत जाते. इथे आगोटीच्या आधी खलाशी होड्यांना माशाचं तेल चोपडतात, ते पाऊस पडायला लागल्यावर कुणी चोपडत नाही. गाडी विकायची ठरली तरी हे कर. कुणाच्याही हाती गेली तरी तिला एक हिवाळा जास्त मिळेल.

इकडचं बरं आहे. मिरकरवाड्याला बांगडा चांगला उतरतोय. आईने मेतकूट आणि कोकम बांधून ठेवलंय, आदित्यचा मित्र डिसेंबरात येणार म्हणतो त्याच्याबरोबर पाठवते. तुझ्या मावसभावाने थार घेतली, रविवारी आरे-वारेच्या रस्त्याला मला फिरवून आणलं. त्याला म्हटलं, वाळूत घातलीस की घरी आल्याआल्या खालून धू. किती धुतोय देव जाणे.

डीलरला सांग की नवी गाडी घ्यायचा विचार आहे पण बदली नको, नुसती खरेदी. त्यावर तो किंमत किती खाली आणतो ते मला कळव. आणि सिलवर ठोकलेल्याचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून पाठव, दोन्ही बाजूंचा, पुढून मागे. व्हिडिओ नको, आवाजच. मला तेवढ्यावरून कळेल.

तुझे,
बाबा

ता. क. गाडी उचलताना जॅक सिलच्या कडेला लावू नकोस. पत्रा आतून गेला असेल तर तिथेच दबेल. पुढे इंजिनाखालच्या आडव्या क्रॉसमेंबरला आणि मागे डिफरन्शियलच्या पोटाला लाव. वर गेली की दोन्ही बाजूंना स्टँड ठेव, हलवून बघ, मगच खाली जा. आणि आदित्य घरी असतानाच जा.